सगळी बटणं बरोबर लावलेला माणूस

बाबा, तुमच्यावर रागावूनच लिहायला बसले आहे, आधीच सांगते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं भांडता यायचं? तुम्ही बोलायचे आणि आम्ही मुंडी हलवायचो. तुमच्या नातीचं लग्न ठरायचं चाललंय. मुलगा उमरेडचा, शाळेत विज्ञान शिकवतो. पहिल्याच भेटीत त्यानं मला सांगून टाकलं, "काकू, मी डोक्याच्या गोळ्या घेतो. तीन वर्षांपूर्वी दोन महिने दवाखान्यात भरती होतो. नंतर दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो." झालं. भाऊ परवा येऊन ओरडला, "पागलाच्या घरी पोरगी देऊन राहिली का तू? बाबा असते तर त्याले दारात उभं केलं नसतं." बाबा असते तर! तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

पागलखान्याच्या वॉर्डात तुम्ही वॉर्डबॉय म्हणून एकतीस वर्षं काढली, आणि आमचं सगळं लहानपण त्या आवारातल्या क्वार्टरमध्ये गेलं. शाळेत पोरी मला विचारायच्या, ते लोक रात्री किंचाळतात का, केस उपटतात का, साखळ्या असतात का. मी घरी येऊन रडले की तुम्ही हसायचे. "काही नाही वं. अर्धे तर आपल्यासारखेच हायेत, अर्धे आपल्याहून बरे." किती अभिमान वाटायचा मला तुमचा! कोणाला सुट्टी द्यायची ते डॉक्टरच ठरवत, पण तुमची स्वतःची एक परीक्षा होती आणि तिच्यावर तुमचा डॉक्टरांपेक्षा जास्त भरवसा होता. माणूस शर्टाची बटणं वरून खालपर्यंत बरोबर लावतो का, ताटातलं न सांडता जेवतो का, आज वार कोणता ते सांगतो का. तिन्ही जमलं की तुम्ही घरी येऊन आईला सांगायचे, "आज एक जण बरोबर झाला."

तीच परीक्षा तुम्ही मला पाहायला आलेल्या मुलाची घेतलीत. मी पडद्याआडून पाहत होते. शहरालगतच्या वाडी गावात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरी, पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. पोह्याचा एक दाणा त्यानं बशीबाहेर पडू दिला नाही. जाताना तुमच्या पाया पडला. गोष्टीगोष्टीत तुम्ही त्याला वारसुद्धा विचारून घेतला, बाबा, मी ऐकलं! तो हसून म्हणाला, "गुरुवार, काका." तुम्ही आत येऊन म्हणालात, "पोरगा एकदम बरोबर हाये." आणि झालं माझं लग्न.

त्यानं अकरा वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही. हे मी कोणाला सांगितलं की लोक म्हणायचे, मग अजून काय पाहिजे? दुसऱ्या वर्षी भाकर करपली म्हणून तो शांतपणे ओट्याजवळ आला, "हात दाखव" म्हणाला आणि माझा तळवा तव्यावर दाबून धरला. तोंडानं आकडे मोजत होता, दहापर्यंत. मग हात धुतले, शर्टाची बाही खाली करून बटण लावलं आणि बाहेर जाऊन घरमालकाशी संत्र्यांच्या भावावर गप्पा मारत बसला. त्यांच्या हसण्याचा आवाज मला आत ऐकू येत होता.

मी फडकं गुंडाळून तुमच्याकडे आले. आईनं विचारलं, कसं भाजलं? शेजारणीनं विचारलं, कसं भाजलं वं? क्वार्टरसमोरच्या झाडांना पाणी घालायला तुमच्या वॉर्डातला तो म्हातारा यायचा, कडुलिंबाशी बोलणारा. तो काही संतबिंत नव्हता, बिघडला की ताट भिरकावून द्यायचा, तुमच्या कपाळावर त्याची खूण होती. त्यानं पाण्याची झारी खाली ठेवली, माझा हात पाहिला आणि विचारलं, "कोनं भाजलं?" सगळ्या आवारात त्या एकट्यानं.

मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही गणवेश घालत होतात. थांबलातसुद्धा नाहीत. "त्याले म्या पाह्यलं हाये ना? मले नको शिकवू. पंचवीस वर्षं मी मानसंच पाहून राह्यलो. असा मानूस असं कायले करन? तुह्याच डोक्शात काहीतरी येऊन राह्यलं." मग स्वतः मला सायकलवर बसवून बसस्टॉपवर सोडलंत. वाटेत शेंगदाण्याची पुडी घेऊन दिलीत. ती पुडी मी दुसऱ्या हातानं धरली होती.

आणि गंमत पाहा, पुढं तोही तेच म्हणू लागला. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, बाप पागलखान्यात असतो ना, तिथलंच लागलं असणार. सगळ्यांना पटलं! माझे केस विस्कटलेले असायचे, मी रडायची, ओरडायची, एकदा रस्त्यावर अनवाणी धावले. पागल अशीच दिसते ना? त्याचा भांग सरळ होता. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी एकदा त्यानं सात वर्षांच्या पोरीला हाक मारली, "बेटा, इकडे ये. हात दाखव." तोच आवाज. मी पोरीला उचललं आणि चपला न घालता निघाले. तेव्हापासून धरमपेठेत एका टेलरकडे ब्लाउज शिवते. कोणाला विचारून नाही निघाले, बाबा. तुम्ही असता तर परत बसस्टॉपवर सोडलं असतंत, म्हणून तुम्ही नव्हतात ते बरं वाटलं. हे लिहितानाही वाईट वाटतंय, पण तसंच आहे.

तर भावाला मी काल खूप सुनावलं. गोळ्या घेतो, तर घेतो! सांगून घेतो. न सांगणाऱ्याचं मी अकरा वर्षं पाहिलं. पोरगी माझ्या गळ्यात पडली आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आज दुपारी तिनं त्याला जेवायला बोलावलं. त्याच्या शर्टाचं एक बटण चुकलेलं होतं, एक बाजू वर, एक खाली. पोरीनं हसून दारातच नीट लावून दिलं. मी भरीत करत होते. तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "काकू, विळी कुठंय? कांदा मी चिरतो, तुमचे डोळे झोंबतील."

मी म्हणाले, "मोडली रे. टाकून दिली." मग कांदा बुक्कीनं फोडला आणि त्यानं तो आवडीनं खाल्ला. दोनदा भात मागून घेतला.

वाडीच्या त्या घरात विळी अकरा वर्षं ओट्याखाली होती, त्याच्या हाताला येईल अशी. एकदाही ती लपवावी असं माझ्या मनात आलं नाही.

रविवारी उमरेडहून त्याचे आईवडील येणार आहेत. मी हो म्हणणार आहे. त्याआधी पोरीला सांगायचं आहे की विळी मोडलेली नाही, तो यायच्या अर्धा तास आधी मी ती पलंगाखाली सरकवली. संध्याकाळ झाली, ती दोनदा चहा विचारून गेली. अजून सांगितलेलं नाही.