चार ओळींचा मालक

४ मार्च, सकाळी

चोरी झाली. भरदिवसा, बेकरीच्या दारावर.

पाव आणायला गेलो तर टपालवाल्या स्पासची आत्या गेल्याचं पत्रक चिकटवलेलं. वर फोटो, खाली नाव, त्याखाली चार ओळी:

अंगण तेच, वेल तीच,
दाराला कडी नाही;
पेला तुझाही मांडतो आम्ही,
उचलायला कोणी नाही.

या ओळी माझ्या! मेहुणा दिमो गेला तेव्हा त्याच्या पत्रकासाठी मी लिहिल्या होत्या. आत्याबाईंनी तर जन्मात दारूच्या पेल्याला हात लावला नाही. पत्रकावर माझं नाव कुठेच नाही. छापखानेवाल्या वेंकोचा फोन नंबर मात्र ठसठशीत.

घरी येऊन गिनाला सांगितलं. गिना म्हणजे बायको, दिमोची बहीण. म्हणाली, तिसरी ओळ माझी होती, तू तिथे 'पाणीपुरवठा खात्याची हानी झाली' असं लिहिलं होतंस. याला संपादन म्हणतात. संपादकाचं नाव कोणी छापत नाही.

संकल्प: लढा.

५ मार्च

वेंकोला जाब विचारला. तो म्हणाला, नायडेनकाका, लोक येतात, म्हणतात ते पेल्याचं घाला, मी घालतो. आजवर एकाही मेलेल्याने तक्रार केलेली नाही. मी म्हणालो, ही बौद्धिक संपदा आहे. तो म्हणाला, वा, कुठे आहे, नदीच्या अंगाला की डोंगराच्या? आणि स्वतःच हसला.

अडाणी माणूस. तंत्रज्ञान हातात आलं, संस्कार राहून गेले.

७ मार्च

गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर सविस्तर पोस्ट टाकली. लाइक तीन. त्यातली एक बाई विचारते, वरच्या आळीला पाणी कधी येणार? मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

'काळं मांजर' नावाच्या कोणीतरी लिहिलं: आजोबा, चार ओळींचं भाडं लावणार का? त्याला मात्र चाळीस लाइक.

पाणी कचेरीत जन्मभर निनावी तक्रारी वाचल्या. माझं ठाम मत आहे: ज्याला नाव नाही त्याला लाज नाही. ग्रुपची व्यवस्था फार्मसीवाली मिल्का बघते. तिच्याकडे दोन मागण्या केल्या. एक, प्रत्येकाने ओळखपत्र दाखवून खऱ्या नावानेच लिहावं. दोन, गावात काहीही छापलं तर लिहिणाऱ्याचं नाव खाली हवंच; वाङ्मयचौर्य करणाऱ्याला ग्रुपमधून काढावं.

८ मार्च

महिला दिन. लढ्याच्या गडबडीत गिनाची फुलं राहिली. ती समजूतदार आहे.

खऱ्या माणसाला पाठिंबा मिळत नाही, कारण तो एकटा दिसतो. म्हणून दुपारी एक खातं उघडलं: आजी कालिना पेत्कोवा. हे निनावी नव्हे. तिला नाव आहे. फोटो नेटवर सापडला, म्हातारी, कडेला शेळी, चेहरा प्रामाणिक. कोणाचा फोटो आहे कोण जाणे. नेटवरचं काय, सगळ्यांचंच.

१५ मार्च

कालिनाने लिहिलं: 'सदर चार ओळी श्री. नायडेन यांनी माझ्यासमक्ष लिहिल्या असून त्या रोज तोंडी म्हटल्याशिवाय मला झोप येत नाही.' साठ लाइक!

काळ्या मांजराने तिला नमस्कार केला. मला कधी केला नाही.

६ एप्रिल

कालिनाला फार मागणी आहे. टोमॅटोची रोपं कधी लावावी, गुडघ्याला काय चोळावं, सुनेशी कसं वागावं. पहाटेपासून उत्तरं देतोय. आमची रोपं लावायची राहिली. गिनाने एकटीने लावली.

मी माझ्या नावाने सायबर-जबाबदारीवर लेख टाकला. लाइक एक. तोही कालिनाचा.

११ एप्रिल

गिनाने कालिनाला खाजगी निरोप पाठवला! लिहिते, भाऊ गेल्यापासून घरात कोणी त्याचं नाव काढत नाही. नवरा तर त्या चार ओळी सोडून काही बोलतच नाही. दिमो जिना चढताना शीळ घालायचा ती अजून ऐकू येते.

मला गलबलून आलं. मलाही ऐकू येते ती शीळ. कालिनाने फार सुंदर उत्तर लिहिलं. सगळं कामच बाजूला ठेवलं त्यासाठी. मग बाहेर जाऊन गिनाला विचारलं, जेवायला काय आहे?

२६ एप्रिल

विजय! मिल्काने दोन्ही मागण्या मान्य केल्या. म्हणाली, नायडेनकाका, तुमचं डोकं खाणं थांबेल म्हणून करते. दहा मेपर्यंत सगळ्यांनी ओळखपत्र दाखवायचं. वेंकोनेही कबूल केलं, यापुढे नावाशिवाय ओळ छापणार नाही.

एकट्याच्या जोरावर केलं. रकिया दारूचे दोन घोट घेतले.

२७ एप्रिल

किरकोळ तांत्रिक अडचण. कालिनाकडे ओळखपत्र नाही.

९ मे

सगळे पर्याय तपासले. माघार म्हणजे पराभव. कालिना आज पहाटे पुतणीच्या गावी शांतपणे देवाघरी गेली. पुतणीचं गाव लांब आहे. येण्याची तसदी कोणी घेऊ नये, असं तिच्या खात्यावर पुतणीच्या वतीने लिहिलं.

अर्धा तास चैन पडेना. मूर्खपणा.

११ मे

गावाने पत्रकं लावली. बेकरीवर, बसथांब्यावर, चर्चच्या भिंतीवर, प्रत्येक विजेच्या खांबावर. वेंकोने फुकट छापली. फोटोतली शेळी कापली, पण एक शिंग राहिलं. खाली माझ्या चार ओळी. आणि त्याखाली, चांगल्या ठळक अक्षरांत: 'ओळी: दिवंगत कालिना पेत्कोवा.'

धावत छापखान्यात गेलो. वेंको म्हणाला, तुमचाच नियम, नाव हवंच. आजी रोज म्हणायची त्या ओळी. दुसऱ्याचं कोणी रोज म्हणतं का? तुमचं नाव ती मोठ्या मनाने सांगायची हो. जुन्या लोकांची रीतच तशी.

टपालवाला स्पास तिथेच होता. त्याला तर आठवतं म्हणे, लहानपणी कालिनाआजीच्या तोंडून ऐकल्यात. डोळे पुसत होता.

१२ मे

शेवटी सत्य. ग्रुपवर, खऱ्या नावाने, ओळखपत्रासह लिहिलं: या ओळी माझ्या आहेत.

उत्तरं: बाई गेली नाही तोवर हा आला. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातोय. तिने तुमची पाठराखण केली आणि तुम्ही तिचीच कविता ढापता? काळ्या मांजराने तर लिहिलं, आजी असत्या तर त्यांनी माफ केलं असतं, मी करणार नाही. ते मांजर म्हणजे मिल्काचा नवरा निघाला. ओळखपत्रामुळे कळलं.

मिल्काने मला ग्रुपमधून काढलं. कारण: वाङ्मयचौर्य. ते कलम मीच सुचवलं होतं.

१३ मे

गिनाला सगळं सांगून टाकलं. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, माहीत आहे. मी म्हणालो, कधीपासून? म्हणाली, पहिल्या दिवसापासून. कुठली आजी 'सदर' आणि 'समक्ष' म्हणते रे?

मग मला निरोप का पाठवलास, विचारलं. ती चिरतच राहिली. म्हणाली, ती आजी बोलायला बरी होती. तू कधीतरी तिच्यासारखं बोलशील असं वाटलं होतं.

याचं उत्तर उद्या नीट विचार करून देणार आहे.

२४ मे

अक्षरांचा सण, म्हणजे आमच्या लिपीचा दिवस. वाचनालयासमोर शाळेच्या मुलांनी 'गावची लोककवयित्री कालिना पेत्कोवा' यांच्या ओळी म्हटल्या. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. न वाजवणारा दिसला असता.

गिनाला उत्तर द्यायचं राहिलं.

१८ जून

दिमोला जाऊन चार वर्षं झाली. दरवर्षी लावतात ते आठवणीचं पत्रक गिनाने वेंकोकडून आणलं आणि आमच्याच फाटकावर लावलं. दिमोचा हसरा फोटो. चार ओळी. खाली कालिनाचं नाव.

मी म्हणालो, गिना, निदान आपल्या फाटकावर तरी! ती चिकटपट्टी दाबत म्हणाली, तिसरी ओळ माझी. बाकीचं तुम्ही दोघं वाटून घ्या.

संध्याकाळी तिने गेलेल्या माणसासाठी करतात तो उकडलेला गहू केला, साखर घालून. शेजारी येऊन खाऊन गेले, दिमोबद्दल चांगलं बोलले, कालिनाबद्दल जास्त. माझ्याशी कोणी बोललं नाही.

सगळे गेल्यावर वेलीखाली बसलो. आज ठरवलं होतं तिच्याशी दिमोबद्दल बोलायचं. जिन्यावरच्या त्याच्या शिळेपासून सुरुवात करायची, वाक्यसुद्धा तयार होतं. पण 'सदर' लागलं सुरुवातीला, म्हणून थांबलो.

गिनाने टेबलावर दोन पेले मांडले. म्हणाली, एक दिमोचा, एक आजीचा.

माझा मी आतून घेऊन आलो.