खंतीवरचा ठिपका

प्रिय ताई,

माझं यकृत तुझ्या आज्ञेत आहे. इंजेक्शनं लागू पडली आहेत. डॉक्टर रिपोर्टकडे बघून हसतात, माझ्याकडे बघत नाहीत. संस्कृतात यकृत् आणि चक्षुस् दोन्ही नपुंसकलिंगी, पण एकाच्या औषधाने दुसरं बिघडतं हे व्याकरणात नव्हतं. ते औषधाच्या खोक्यातल्या कागदावर आहे, तेही बारीक अक्षरांत.

महिनाभर उजव्या डोळ्यापुढे काळा ठिपका तरंगतोय. तू फोनवर म्हणालीस, "आठच इंजेक्शनं उरलीत. डोळ्यांचं रडगाणं गायलंस तर ती बंद करतील, मग यकृताचं काय? गप्प बस जरा!" धाकटा भाऊ पन्नाशीतही धाकटाच. गप्प बसलो.

काल छापखान्याच्या मालकांनी नवं पुस्तक टेबलावर आपटलं. लेखकाने दिवंगत पत्नीबद्दल लिहिलं होतं, "तिला वेळ दिला नाही, याची मनात खंत आहे." छापलं गेलं, "मनात खत आहे." हजार प्रती.

"काय पंडितजी, मनात शेती सुरू केलीत?"

मुद्रितशोधक मीच. प्रुफावर अनुस्वार नव्हता, पण मला 'ख'च्या डोक्यावर ठिपका दिसला. तो माझ्या डोळ्यातला होता!

वैताग आलाय, ताई. 'तुझं ऐकलं याची मला खंत आहे,' असं आत्ता लिहिलं आणि तपासायला गेलो, तर टिंब कागदावर आहे की डोळ्यात, तेच कळेना. असं न तपासलेलं पत्र मी कुणाला पाठवत नाही. उद्या सकाळी डॉक्टरांपुढे तोंड उघडणार आहे.

तुझा,
आजपर्यंत आज्ञाधारक असलेला धाकटा