मागाच्या जागेवर व्हिडिओ गेम

३ ऑक्टो. ८६, शुक्र.
समोरच्या खोलीत दिवसभर टूं-टूं-ढिश्क्यांव. कॉलेजची पोरं. वरून राक्षसांच्या रांगा उतरतात, खालून आपण गोळ्या मारायच्या. नाणं टाका, मरा, पुन्हा नाणं टाका. जास्त मारले की मशीन नाव लिहून घेते. बटन बंद केलं की सगळी नावं विसरते, म्हणून पोरं रोज सकाळी भांडतात.

मामाजी, माझे सासरे, ओट्यावर, खोलीकडे पाठ करून. माग काढून यांनी ही मशीन ठेवली तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही. मामाजी पाय सोडून विणायला बसायचे तो मागाचा खड्डा सिमेंटनं बुजवला नं नेमकी त्यावरच ही बया उभी केली. दुसरी जागा नव्हती का? पण मला कोण विचारतं.

आज मामाजींनी मलाच सांगितलं, "दसरा झाला का मी उमरेडले जातो, पोरीकडे. तिथं माग चालू हाये." म्हणजे कायमचेच. यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे नं." पण ताटातलं वरण तसंच ठेवून उठले.

६ ऑक्टो., सोम.
हे दु. सीताबर्डीवर, कामाला. दुकान माझ्याकडे. गिऱ्हाईक नाही, मीच खेळून पाहिलं. लगेच खलास. मागून आवाज, "काय करून राहिली वं? दोन्ही हात एकाच तालात काहून चालवते?"
मामाजी! किती महिन्यांनी खोलीत पाऊल टाकलं. म्हटलं, तुम्हीच दाखवा. मी झाकण उघडून तशीच चालू करून देत होते, तर म्हणे, "फुकट नाही खेळत मी." स्वतःचं नाणं टाकलं नं माझ्याहून लवकर मेले. इतकी हसले मी! तेही हसले, मिशीत.

८ ऑक्टो., बुध.
मामाजी काल दु. खेळले, आजही दु. "सांगू नको" असं तोंडानं म्हणत नाहीत, पण यांच्या सायकलची घंटी वाजली की म्हातारा ओट्यावर, पाठ करून. असा ढोंगी!
उमरेडची पिशवी मात्र भरून दाराशी ठेवली आहे. हे घरात असले तरी नसल्यासारखे. मामाजी गेले तर "जेवली का वं" असं मला कोण विचारील? रडू आलं. कांदा चिरत होते म्हणून निभावलं.

९ ऑक्टो., गुरु.
झालं! सगळ्या पोरांच्या वर गेले! मशीननं नाव मागितलं, इंग्रजीत तीन अक्षरं. मामाजींना इंग्रजी येत नाही. मीच दांडी फिरवून महादेवचं एम-डी-व्ही टाकलं. "हे माझं नाव?" दोनदा विचारलं. काचेवर बोट घासून पाहिलं. पुसत नाही म्हणून खूश. मला काही सांगवेना.

संध्या. यांनी पाहिलं. "एम-डी-व्ही कोण?"
"तुमचे बाबा."
यांनी दुकान बंद केलं, दिवा मालवला. मशीनचं बटन तसंच ठेवलं.

१० ऑक्टो., शुक्र.
मशीन चालूच. मला इस्त्री लावू दिली नाही, फ्यूज उडेल म्हणे. "लाइन गेली तर?" हेच चाललं आहे सकाळपासून. बापाशी बोलायचं नाही पण बापाच्या नावाची राखण करायची. वा रे वा! अस्सा राग आला, नं मग माया आली.

११ ऑक्टो., शनि. खंडेनवमी
मामाजी आंघोळ करून हळद-कुंकू, झेंडूची माळ घेऊन समोरच्या खोलीत आले. आडवं सूत नेणारा मागाचा एक धोटा तेवढा जपून ठेवला होता, तो मशीनवर ठेवला. आमच्याकडे आजच्या दिवशी माग हलवत नाहीत. मला म्हणाले, "हे चालू काहून हाये? आज हत्याराले आराम असते." हात बटनाकडे.

हे आतून धावत, "बाबा, नको! तुमचं नाव जाईल!"
यंदाचा पहिला शब्द.
मामाजी थांबले. "म्हणून चालू ठेवली होती?" मामाजींनी बटन बंद केलं. "नाव काय, पुन्हा लावता येते. आजचा आराम हुकला त हुकला."

काळ्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं. हे ओट्यावर जाऊन डोळे पुसत बसले. धूर गेला म्हणे. उदबत्ती तर अजून लावलीच नव्हती.

१२ ऑक्टो., रवि. दसरा
यांनी सोनं देऊन वाकून नमस्कार केला. मामाजींनी पाठीवर हात ठेवला. बस, तेवढंच. पिशवी दाराशीच आहे. विचारायची हिंमत माझी नाही, यांची तर त्याहून नाही.

१३ ऑक्टो., सोम.
उमरेडची गाडी अकराची. मामाजी टोपी घालून, पिशवी घेऊन निघाले. यांनी नुकतीच मशीन चालू केली होती. नावांची जागा कोरी. मामाजी बघत उभे राहिले. मग पिशवी खाली ठेवली. खिसे चाचपले.
"चिल्लर हाये का गा?"
यांना विचारलं! हे गल्ल्यातून नाणं काढून द्यायला लागले, तर तिकिटासाठी बाजूला काढलेली नोट मामाजींनी यांच्या हातावर ठेवली. "फुकट नको. साऱ्याची चिल्लर दे."

साडेदहा झाले. मी चुलीपाशी लिहिते आहे. समोरून टूं-टूं. पिशवी अजून तिथंच, त्यांच्या पायाशी.
भात तिघांचा टाकला आहे.