कासवीण तिकडेच निघाली

आखातातून, जहाजावरून
जानेवारी १९८६

सौ. काशीस, तुझी रोज आठवण, आणि पोटातल्या पाहुण्याला आशीर्वाद.

मी बरा आहे. भात-मासळी पोटभर मिळते. तुझ्या पायांची सूज उतरली का?

आम्ही समुद्राच्या तळाशी टेलिफोनची वायर टाकतोय. ती पार मुंबईपर्यंत जायची. काल पहाटे वायरीला लागून एक कासवीण वर आली. कप्तानाने इंजिन बंद करवलं. समुद्रातल्या जिवाला धक्का लागू नये, असा इथे दंडकच आहे. ती लांब जाईस्तोवर आम्ही वायर धरून उभे. पाणी दुधासारखं होतं. ती श्वास घ्यायची, डोळे मिटायची. मग सावकाश आपल्या केळशीच्या दिशेने गेली. निदान मला तसं वाटलं.

तुला कासवाच्या अंड्यांचे डोहाळे लागलेत आणि बाबा रोज पुळणीवर खुणा शोधतात, असं तू लिहिलंस. डोहाळ्यांना नवऱ्याने नाही म्हणू नये, कळतं मला. येताना खजूर आणीन, आणखी काय हवं ते सांग. पण खुणा दिसल्याच, तर बाबांना म्हण, वाळू उकरू नका.

बाळंतपणाला मला रजा मिळेलसं दिसत नाही. ती कासवीण मात्र पोचेल.

तुझा,
दत्ताराम