बोडकी पाटी

॥ श्री ॥
बमरोली, सुरत
१६ जानेवारी १९९६

चि. कमल हिस हेमराजदादाचे अनेक आशीर्वाद.

काल सकाळी देवपूजा आटोपली, ब्रश कपाळाला लावला आणि तुझ्या गिरणीची पाटी लिहायला घेतली. एसटीतूनही वाचता आली पाहिजे, असं तू कळवलं होतंस. म्हणून इथल्या साडीच्या दुकानांवर लिहितो तसं जाड, गोल अक्षर काढलं. कुठं कोपरा नाही, टोकं बोटासारखी, पोटं गुबगुबीत. तुझी वहिनी म्हणाली, अक्षरं लग्नात जेवून आल्यासारखी दिसतात.

‘कमल पिठाची गिरणी’ एवढंच लिहिलं आहे. तुझ्या दिरांचं, बाबुरावांचं मन मात्र सांभाळ. तुला त्याच घरात राहायचं आहे.

गावाकडे निघालेल्या चंदूबरोबर पाटी पाठवतो. जपून राहा, खुशाली कळवत जा.

तुझा दादा

मु. खेडी, ता. अमळनेर
२५ जानेवारी १९९६

ती. दादास कमलचा शि. सा. न. वि. वि.

पाटी पोचली. लांबून ठसठशीत दिसते. पण दादा, वीस वर्षं गुजराती पाट्या लिहून तू आपल्या अक्षरांवर शिरोरेघ द्यायचीच विसरलास. मी आधी पोट धरून हसले. मग पारावरची माणसं बोडकी पाटी म्हणू लागली. विधवेच्या गिरणीला शोभते, असंही कुणी बोललं. मला तो शब्द नवा नाही, पण दळण घेऊन आलेल्या बायांनी माना खाली घातल्या.

दीर म्हणतात, पाटी परत जाणारच आहे तर नावही बदलून आण, ‘भगवान पिठाची गिरणी’ कर. भावाचंही नाव झालं आणि देवाचंही. देवाच्या नावाला तुझ्यानं नाही म्हणवणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. हे हयात असते तर स्वतःच हसले असते. पिठानं त्यांना शिंका यायच्या. ते गेल्यावर दुसऱ्यांच्या गिरणीत राबून ही गिरणी मी उभी केली. माझं नाव नसेल तर पाटीच नको.

वहिनीस नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी कमल

॥ श्री ॥
बमरोली, सुरत
६ फेब्रुवारी १९९६

श्री. बाबुराव यांस हेमराजचा स. न. वि. वि.

शिरोरेघेची चूक सर्वस्वी माझी. गुजरातीत ती नसते, हात तसाच वळला. नुसती रेघ ओढून भागेल असं वाटलं होतं, पण जाड अक्षरांनी पत्रा काठोकाठ भरलेला. रेघेला जागाच नव्हती. तेव्हा सगळा पत्रा रंगवून कोरा केला.

तो कोरा पत्रा काही दिवस देवघराशेजारी टेकून होता. पूजेला बसलं की नजर तिकडेच जायची. तुमचं म्हणणं मला लागलीच पटलं होतं. भगवानरावांवर माझाही जीव होता, आणि देवाचं नाव लिहायला मी आजवर कुणाला नकार दिलेला नाही. पण त्या गिरणीत देवाला स्वतःची ओळख द्यायला पाटी लागत नाही. माझ्या बहिणीला लागते.

या खेपेला अक्षरं थोडी बुटकी केली. जाडी, गोलाई तीच ठेवली आणि वर सलग शिरोरेघ दिली. रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिला बोलू नका. होळीला येईन, तेव्हा समोर बसून ऐकून घेईन. तोवर आपला जिव्हाळा कमी होऊ नये, ही विनंती.

पाटी आज सकाळी उधन्याहून पॅसेंजरनं रवाना केली. नाव कमलचंच लिहिलं आहे.

आपला,
हेमराज