आपलं ऊन, आपलं पाणी

३ एप्रिल
छतावरच्या सोलरची वीज दुपारी उरते, ग्रिडले जाते. काहून जावी? चौतीस वर्षं रेल्वेत इलेक्ट्रिकल फिटर होतो. ठरलं. उरलेल्या विजेनं पाणी तापवून ठेवायचं. दोनशे लिटरची बंद टाकी, आत हीटर.

९ एप्रिल
टाकी बसली. प्लंबर लोकेश सांगून गेला, थर्मोस्टॅट और सेफ्टी व्हॉल्व्ह को हाथ मत लगाना अंकल. त्याले वाटते मी पोस्टातून रिटायर झालो.

१४ एप्रिल
जयंतीचे पाहुणे. सगळ्यांना छतावर नेऊन टाकी दाखवली. खाली आल्यावर सगळ्यांनी थंड पाणी मागितलं.

२२ एप्रिल
त्रेचाळीस डिग्री. कलावती म्हणे, नळाच्याच पाण्याचे चटके बसून राहिले, तुमचं गरम पाणी कोन घेईल? साठवण म्हणजे काय, हे बायकोले समजत नाही. (वर्षाचं तिखट मात्र भरून ठेवते.)

२ मे
साठ डिग्रीले थर्मोस्टॅट हीटर बंद करतो. वीज पुन्हा ग्रिडले! आळशी पार्ट. काढला. वायर डायरेक्ट.

६ मे
सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळते. तापवलेलं पाणी! उद्या बंदोबस्त.

७ मे
लोखंडी बूच पिळून बसवलं. एक थेंब नाही.

११ मे
टाकी आवाज करून राहिली. आधी टक्‌टक्, मग आत कोणी कण्हल्यासारखं. धातू तापला की पसरतोच. कलावतीनं खाट समोरच्या खोलीत नेली. भिलाईहून पोरीचा, रुचिताचा, फोन. "पापा, उसे बंद करो." म्हटलं, तू कॉलेजात इतिहास शिकव, वीज मले येते.

१३ मे
कबुतरं आता छतावर बसत नाहीत. बरंच झालं, घाण नाही.

१५ मे, दुपारी तीन
टाकीचं पोट फुगल्यासारखं वाटलं. उन्हाचा भास. हात लावायले गेलो नाही, खाली आलो. जिन्यात कलावती भेटली, मिरच्या उचलायले वर चालली होती. थांब म्हणणार होतो. पण मग मलेच टाकीची शंका आहे, असं तिले वाटलं असतं.

१९ मे
चार दिवस लिहिलं नाही. त्याच दुपारी टाकी फुटली. कठडा गेला. कलावती मिरच्या घेऊन जिन्याच्या दारात परतली होती, म्हणून वाचली. पाठ आणि डावा हात भाजला. मले खरचटलंही नाही. लोकेश येऊन बूच पाहून गेला. टाकीचं वेल्डिंग कच्चं असंल.

२० मे
दवाखान्यात गेलो. कलावतीनं तोंड भिंतीकडे केलं. पाठीवर झोपता येत नाही तिले, म्हणून.

२४ मे
तिले दवाखान्यातून सुटी मिळाली. रुचिता भिलाईले घेऊन गेली. किती दिवस, विचारलं. "देखते हैं." कपड्यांची पेटी मोठी घेतली. कलावती दारात थांबली, म्हणाली, "जाते."
बाई माणूस निघताना "येते" म्हणते.
घाईत असंल.