तीन नवस आणि एकच डोकं

शेन्बगमच्या अप्पांना, सोर्णमने पाम्बनच्या दिशेने वाकून केलेला नमस्कार.

मी सुखरूप आहे. वेळांकण्णीच्या मातेला केस देऊन झाले. डोक्याला चंदन फासलंय, गार वाटतं.

घोटाळा झाला तो नागूरच्या दर्ग्यात. तिथला न्हावी मस्तानभाई माझं डोकं बघून म्हणाला, "अक्का, आता काढू काय? साल?"

तुम्ही अकरा दिवस समुद्रात बेपत्ता होतात, तेव्हा घाबरून मी माता, दर्गा आणि वैद्यनाथस्वामी अशा तिघांनाही सगळे केस कबूल केले होते. डोकं एकच आहे, हे तेव्हा सुचलंच नाही.

मस्तानभाई म्हणाला, "एकेक बट वाटून द्यायचीस की!"

मी म्हटलं, "माझा नवरा अख्खा परत आलाय, बटेएवढा नाही."

म्हणून केस बोटभर वाढेपर्यंत मी इथे नागूरलाच राहणार. ते दर्ग्यात देईन, पुन्हा वाढले की वैद्यनाथस्वामीला. इथल्या एका म्हातारीची सुकी मासळी निवडून देते, ती दोन वेळ जेवू घालते. माझी काळजी नको.

तुमचा खोकला कसा आहे? शेन्बगमची वेणी कोण घालतं? ओढून घालू नका, रडते ती.

होडी दुरुस्त झाल्याचं कळलं. ती बांधूनच ठेवा. तिन्ही नवस फिटेपर्यंत समुद्रावर जायचं नाही, सांगून ठेवते.

आणि माझे केस किती हळू वाढतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमचीच टकली,
सोर्णम